कार्टूनमधला बुढा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कुरोड्या राखणं.

चैताचं ऊन होतं. तिनं सकाळीच छतावर जुनं पातळ अंथरून गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या घातल्या होत्या. दुपारी जेवणं झाली आणि आम्ही छतावर जाणाऱ्या बाहेरच्या जिन्यात बसलो. आमच्या लिंबाची सावली त्या जिन्यावर दुपारी दोन ते चार एवढीच पडते. ती खालच्या पायरीवर, मी तिच्या मागं दोन पायऱ्या वर. माझ्या हातात काठी, तिच्या हातात मोबाईल. कावळा उतरला की मी काठी आपटायची, आणि तिनं मान वर न करता सांगायचं, "आनखी एक टाकीवर बसला आहे." पाठीला डोळे असल्यासारखी बाई होती.

मोबाईलवर कार्टून चालू होतं. म्हाताऱ्या नवराबायकोनं भर दुपारी कार्टून पाहावं हे कोणाला सांगायची सोय नाही, पण पाहत होतो. आमची पोरगी वैशाली सेलूला शाळेत मास्तरीण आहे. ती आणि तिचा भाऊ गजानन लहान असताना दर रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं. हरवलेलं वासरू शोधत गावोगाव हिंडणाऱ्या एका पोरीचं. वैशालीला ते मोबाईलवर सापडलं, तिनं आईच्या मोबाईलमध्ये सगळं भरून दिलं, आणि मग यशोदेला रोज दुपारी त्याचा नाद लागला.

यशोदा म्हणजे माझी बायको. जिवंतपणी मी तिचं नाव घेत नसे. आता घेतो.

तर त्या दुपारी कार्टूनमध्ये रात्र झाली होती. पडदा काळा. पोरीच्या हातातला कंदील तेवढा दिसायचा. यशोदा म्हणाली, "अवो, हा बुढा पाह्यला का?"

"कोनता?"

"हा काय, मांगं. अंधार झाला का येते, उजेड पडला का जाते."

माझा चष्मा खाली खाटेवर होता, आणि टाकीवरचा कावळा कुरोड्यांकडं मान वाकडी करून पाहत होता. मी त्याच्यावर नजर ठेवून म्हणालो, "हव, दिसला."

"लेकरं पाहेत तवा नोता हा."

"नसन."

"कोनी बोलत नाई त्याच्याशी. नुसता पाह्यत राह्यते." मग म्हणाली, "याले जेवाले कोन देत असन वो?"

"देत असन कोनी. तू पाह्य न तुझं."

ती हसली. कशाला हसली ते मी विचारलं नाही. मग मोबाईल बंद करून उठली, गुडघ्यावर हात ठेवून, एक एक पायरी. जाता जाता म्हणाली, "उद्या सकाळी पलटवा लागन कुरोड्या. वरून वाळल्या, खालून वल्ल्या आहे."

मी म्हणालो, "बरं."

पाच वाजता चहा का झाला नाही म्हणून मी आत गेलो, तर ती खाटेवर कुशीवर निजलेली होती आणि गेलेली होती. डॉक्टरानं येऊन हृदयाचं काही सांगितलं. मला ऐकू कमी येतं, देवळीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या मशिनीपाशी उभं राहून कान गेले. मी त्याला पुन्हा विचारलं नाही. ऐकून काय करायचं होतं?

माझी जीभ तिखट आहे, हे सारं गाव सांगेल. संसारात मी यशोदेला खरं बोलून पुष्कळ दुखवलं. भाजी खारट झाली तर खारट म्हणायचो, पाहुण्यांसमोर. तिच्या भावानं आणलेलं लुगडं जाडंभरडं होतं तर त्याच्याच तोंडावर तसं म्हणालो. वैशालीच्या लग्नात यशोदा आजारी माणसासारखी दिसत होती, तेही सांगितलं. ती म्हणायची, "तुमी एकडाव तरी खोटं बोला न, मरत नाई कोनी." आणि मी बोललो. एकदाच. दिसला नव्हता आणि दिसला म्हणालो. त्यानंतर नसन, असन आणि बरं एवढंच म्हणालो, त्याला बोलणं म्हणत नाहीत. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते खोटं आहे.

म्हणून वर्षभर मी एकच काम केलं. तो बुढा शोधला. तो कार्टूनमध्ये कुठंतरी मला एकदा दिसला, तर मी बोललो ते उशिरा का होईना खरं होईल. नाहीतर तसंच राहील.

आता पुन्हा चैत आला आहे. गल्लीत गहू भिजल्याचा आंबूस वास सुटला आहे. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून चीक काढतात त्याचा वास. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल काही नासलं. बाया एकमेकींच्या छतावर जातात, साचा फिरवतात, हसतात. आमचं छत मोकळं आहे. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर वाळवण घालत नाहीत, तळणाची कढई चढवत नाहीत, अशी आमच्याकडं रीत आहे. मोकळं छत दुपारी पाहवत नाही. सिमेंट पांढरं पडतं, त्यावर ऊन हलताना दिसतं, आणि त्या हलणाऱ्या उन्हात कोणी वाकून काही मांडत आहे असं वाटतं. डोळे चोळले की नसतं.

ही दुपार मला लहानपणापासून भेववते. लोक अंधाराला भितात. वर्धेकडच्या माणसानं खरं तर दुपारी बाराच्या पुढच्या उन्हाला भ्यावं. रस्त्यावर कुत्रं नसतं. दारं लावलेली. आवाज म्हणून नाही. आणि इतका उजेड, की त्या उजेडात काय लपून बसलं आहे ते कळत नाही.

लहानपणापासून म्हणालो खरा. पण माझं लहानपण ते किती? चौथीपर्यंत शाळा, आणि मग जिनिंग. डोक्यावर कापसाची टोपली, नाकात, डोळ्यात, जेवणात कापसाचे तंतू. यशोदा तर दुसरीतून घरी बसली, धाकट्या भावाला सांभाळायला. ती गिरडकडच्या एका खेड्यातली. आम्ही दोघांनीही पहिलं कार्टून पाहिलं ते आमची लेकरं शाळेत जायला लागल्यावर. म्हणजे आमचं लहानपण आमच्या लेकरांच्या जोडीनंच आलं, आणि ती मोठी झाली तेव्हा त्यांच्या जोडीनंच गेलं.

रविवारी सकाळी गजानन छतावर जाऊन अँटेना फिरवायचा.

"आलं का?" तो वरून ओरडे.

"आलं, आलं! राहू दे! गेलं!" वैशाली खालून.

"आता?"

"अरे गेलं न, गध्या!"

मग शेवटी यायचं. काळंपांढरं, मुंग्या आलेलं. एक झिपरी पोरगी, हातात तुटलेलं दावं, आणि दूर कुठंतरी वाजणारी वासराच्या गळ्यातली घंटी. पोरगी ज्या गावात जाईल त्या गावात जो भेटेल त्याला विचारायची, माझं वासरू पाहिलं का? आणि जो तो म्हणायचा, "हां देखा, देखा. आगे गया." कुंभार म्हणे, आगे गया. तेली म्हणे, आगे गया. विहिरीवरच्या बाया म्हणत, आगे गया. लेकरं टीव्हीसमोर उड्या मारत ओरडायची, "जाय, जाय, पुढं जाय! भेटन आता!" यशोदा भाकरी थापायचं सोडून दारात उभी राहायची, पिठाचे हात वर धरून.

आता मी चष्मा घालून, मोबाईल नाकाशी धरून तेच पाहिलं. एकदा नाही. किती वेळा ते सांगत नाही, लोक येडा म्हणतील. आणि बुढा शोधता शोधता मला जे दिसलं ते मला तेव्हा, तिशी-पस्तिशीतल्या बापाला, दिसलं नव्हतं. ते कार्टून लेकरांचं नव्हतंच.

पहिलं म्हणजे, ती पोरगी चालत नाही. पाय हलवते, पण जागच्या जागी. तिच्या मागचं गाव चालतं. आणि ते गावही एकच आहे. एक लिंब, मग कवेलूच्या छपराचं घर, मग उलटी खाट, मग पुन्हा तोच लिंब, तेच घर, तीच खाट. हजार कोस चालली असं आम्हाला वाटलं होतं. ती एका लिंबाभोवतीच फिरत होती.

दुसरं, त्या कार्टूनमध्ये सूर्य नाही. दिवस आहे, सावल्या आहेत, सूर्य नाही. आणि कोणी जेवत नाही. कुंभार मडकी करतो, बाया पाणी भरतात, पण चूल कुठंच पेटलेली नाही. यशोदेनं जेवायचं विचारलं ते मला उगाच वाटलं होतं.

आणि तिसरं सांगतो. ते सगळे खोटं बोलत आहेत. वासरू कोणीच पाहिलेलं नाही. पोरगी पाठमोरी झाली की ते तिच्याकडं पाहत उभे राहतात, हसत नाहीत, बोलत नाहीत, डोळ्यांत बुबुळ नाही, नुसते दोन पांढरे ठिपके. "हां देखा. आगे गया." पोरीला दारातून घालवायचं होतं म्हणून बोलले. मी जसा कावळ्याकडं पाहत बोललो.

त्या दिवशी मी मोबाईल पालथा घातला. घंटी वाजत होती. कार्टूनमधली असेल म्हटलं, तर मोबाईल बंद होता. आमच्या गल्लीत आता एकाही घरी ढोर नाही. मला तर शेजारचा कुकर ऐकू येत नाही.

वैशाली आली तेव्हा तिला म्हटलं, "पोरी, तुझ्या त्या कार्टूनमंदी एक बुढा आहे. मांगं असते. काढून दे मले."

ती शिकलेली, नीट शोधणारी. दोन दिवस बसून तिनं सगळं पाहिलं. म्हणाली, "बाबा, बुढा नाईच कुठं. कुंभार आहे, तेली आहे, ते काई बुढे नाई."

"तुह्या मायले दिसला होता."

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं न. एका डोळ्यापुढं तिले सावल्यासारखं दिसे. ते असन."

"तुह्या मायचे डोळे तुह्यापेक्षा बरे होते," मी म्हणालो. ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच. मला कळत होतं ती रडते. मी गेलो नाही. माझी जीभ अशी आहे.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, ती पत्र्याची पेटी काढून बसली. आईच्या वस्तू नीट लावू म्हणाली. पेटीत खाली, साडीत गुंडाळून, माझं दुसरीचं पुस्तक निघालं. माझं, म्हणजे खरोखर माझं, मी सात-आठ वर्षांचा असतानाचं. माझ्या मायनं जपलं, मायनंतर यशोदेनं. ते मी साठेक वर्षांत उघडलं नव्हतं. त्यात एक वाघ होता. मी त्या वाघाला इतका भ्यायचो, की ते पान आलं की पुस्तक फेकून द्यायचो, आणि मास्तर मारायचे. एका दुपारी मी बाभळीचा काटा घेतला आणि वाघाचे दोन्ही डोळे फोडले. मग भीती गेली. आंधळा वाघ काय करतो?

वैशालीनं पुस्तक माझ्या हातात दिलं. वाघ छोटासा होता, सुपारीच्या डबीएवढा. मला तो पानभर आठवत होता. पण मी दचकलो ते त्यानं नाही. त्या वाघाला डोळे होते. तांबडे. माझ्याकडं पाहत होते.

पान उलटलं. मागच्या बाजूला चुलीपाशी बसलेल्या एका बाईचं चित्र आहे, भाकरी करणाऱ्या. ते मला आठवतच नव्हतं. मी काट्यानं वाघाचे डोळे फोडले तेव्हा कागदाला भोकं पडली, ती मागं त्या बाईच्या तोंडावर निघाली, एक कपाळावर, एक गालावर. लहान पोराला काय कळतं पानाला मागची बाजू असते म्हणून! आणि त्या दोन्ही भोकांवर कोणी तरी दोन तांबड्या टिकल्या चिकटवल्या होत्या. टिकल्यांची पाठ भोकांतून पलीकडं दिसत होती, म्हणून वाघाला डोळे आले होते.

"आईच्या टिकल्या आहे ह्या," वैशाली म्हणाली. "अशाच लावे ते."

कधी लावल्या? मला कधी बोलली नाही. त्या बाईच्या तोंडावरची भोकं तिला दिसली, मला साठ वर्षांत दिसली नाहीत. मी पुस्तक मिटलं. मिटलेल्या पुस्तकातही तो वाघ डोळे उघडे ठेवून बसला आहे, असं मला अजून वाटतं. पेटी मी खोलीच्या बाहेर ठेवली आहे.

तिच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं.

गजानन पुण्याहून निघाला होता, म्हणून यशोदेला रात्रभर ठेवलं होतं. बैठकीत ती, भोवती बाया, दारात माणसं. मी उठलो आणि जिना चढून छतावर गेलो. कोणाला वाटलं असेल हा रडायला गेला. मी खाली बसलो आणि एक एक कुरोडी पलटवायला लागलो. वरून वाळल्या होत्या, खालून ओल्या, तिनं सांगितलं तशाच. ती असताना घातलेल्या, ती नसताना वाळत होत्या.

शेजारच्या सुमनबाई वर आल्या. यशोदेच्या जिवाभावाच्या, तोंडाच्या खमक्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊजी, काय करून राह्यले? सोडा थे. सुतकातलं वाळवण घरात ठेवत नाई. फेका लागते."

"तिनं पलटवाले सांगतलं."

"तिले काय मालूम होतं का आपन मरनार म्हून?"

"मंग तिनं घातल्या तवा सुतक नोतं," मी म्हणालो. "तुमी खाली जा."

त्या गेल्या नाहीत. पातळाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि तिकडून पलटवायला लागल्या, मला शिव्या देत, डोळे पुसत. पण मनातून त्यांनी ते सोडलं नाही. कुरोड्या वाळल्यावर मी डब्यात भरल्या, डबा फळीवर ठेवला, आणि वर्षभर त्या दर महिन्याला दारातून विचारत राहिल्या, "भाऊजी, फेकल्या का?" मी म्हणे, नाही. त्या म्हणत, "खाऊ नका हो मातर. मेल्या मानसाच्या हातचं, मेल्या दिवशी वाळलेलं. रात्री हाका मारते ते अन्न."

मी खाल्ल्या नाहीत. भ्यालो म्हणून नाही, आणि भ्यालो नाही असंही नाही. तो डबा फळीवर असताना स्वयंपाकघरात कोणी तरी आहे असं वाटायचं. खाल्ल्या असत्या तर कोणी राहिलं नसतं.

वर्षश्राद्ध झालं. गजानन येऊन गेला. सुमनबाई म्हणाल्या, "आता तरी घर मोकळं करा." वैशाली म्हणाली, रविवारी येते, फळ्या आवरू. मला कळलं डब्याचं काय होणार ते. आणि माझा बुढा तर सापडलाच नव्हता.

कार्टूनचा शेवटचा भाग मी तोवर मुद्दाम पाहिला नव्हता. तो आम्ही कधीच पाहिलेला नाही. त्या रविवारी, लेकरं लहान असताना, शेवटचा भाग सुरू झाला आणि लाईन गेली. गजाननानं जमिनीवर लोळण घेतली. वैशाली रडायला लागली, वासरू भेटलं का, आई, भेटलं का? यशोदेनं दोघांना जवळ घेतलं आणि मनानंच शेवट सांगितला.

"भेटलं न. गेलतं कुठं थे? तिच्या मांगंच होतं. पोरगी चाले तसं थे तिच्या पाठीमांगं चाले. पोरीनं वळून पाह्यलं का थेही वळे, म्हून तिले दिसेच नाई. घंटी वाजे ते मांगूनच वाजे. तिले वाटे पुढून वाजते."

"मंग कसं भेटलं?"

"थकून खाली बसली पोरगी. थेही बसलं. अन् तिच्या पाठीले त्याचं नाक लागलं."

लेकरांनी तो शेवट खरा मानला. मीही.

परवा दुपारी जेवलो, धुतलेली बंडी आणि टोपी वाळायला म्हणून जिन्याच्या कठड्यावर टाकली आणि मोबाईल घेऊन बसलो. म्हटलं, आज शेवटचा भाग पाहायचा. त्यात नसेल तर नाही. वर्षभर मी माझ्याच पायरीवर बसून पाहत आलो होतो, चष्मा लावून, मोबाईल डोळ्यांसमोर सरळ धरून. परवा गुडघा दुखत होता. वर चढवलं नाही. तिच्या पायरीवर बसलो, खालच्या. हात थरथरतात म्हणून मोबाईल मांडीवर टेकवला, तिरपा. ती तसाच धरायची.

शेवटचा भाग लहान होता. पोरगी चालते. लिंब, घर, खाट. लिंब, घर, खाट. कोणी भेटत नाही. मग गावही मिटतं. नुसती पोरगी, हातात कंदील. मग कंदील विझतो. वासरू नाही, शेवट नाही, काही नाही. पडदा काळा, आणि घंटी.

आणि त्या काळ्यात तो आला.

पाठीमागून. पांढरा. माझ्या खांद्याच्या वर, दोन पायऱ्या उंच, टोपी घातलेला. हलला.

वळायची छाती होईना. मोबाईलवर डोळे ठेवून मी म्हणालो, "कोन आहे?" कोणी बोललं नाही. कोणी बोलत नाही त्याच्याशी, ती म्हणाली होती. नुसता पाहत राहतो. मग कार्टून संपून पडद्यावर पांढरा उजेड आला, आणि तो गेला. अंधार झाला की येतो, उजेड पडला की जातो.

मी वळलो. मागं माझी पायरी. कठड्यावर माझी बंडी, वर माझी टोपी. वाऱ्यानं हलत होती.

किती वेळ मी त्या टोपीकडं पाहत होतो सांगता येत नाही. सावली जिन्यावरून निघून गेली, ऊन पाठीवर आलं, तरी बसलो होतो. तिला मोबाईलच्या काचेत मी दिसत होतो. टोपी घालून, काठी धरून, कावळ्याकडं पाहत बसलेला. लेकरं टीव्ही पाहत तेव्हा तो बुढा नव्हता, खरं आहे, तेव्हा मी तरणा होतो. तिला कळलं होतं का तो मी आहे ते? की एका डोळ्याच्या सावलीत तिला खरंच कोणी परका बुढा वाटला, बिचारा, कार्टूनमध्ये अडकलेला, ज्याला जेवायला कोणी देत नाही? ती हसली होती. त्या हसण्यावरून दोन्ही निघतं. मी तिला विचारलं नाही, आणि आता कोणाला विचारू? मी सुमनबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मरणाऱ्या माणसाला मागं राहणारं माणूस दिसत असतं.

वर्षभर मी त्या पोरीसारखाच एका लिंबाभोवती फिरलो. आणि जो शोधत होतो तो माझ्याच पायरीवर बसला होता. मी तिथं बसलो होतो म्हणूनच तो मला दिसत नव्हता.

मोबाईल बंद केला. घंटी वाजतच होती. या वेळेला मी ती कुठून येते ते पाहिलं नाही.

काल सकाळी उठलो, आंघोळ केली, वरण-भात लावला. फळीवरचा डबा काढला. कढई सापडायला वेळ लागला, तिनं ती कुठं ठेवली होती ते वर्षभर कोणी पाहिलंच नव्हतं. तेल तापलं. पहिली कुरोडी सोडली आणि ती ताटाएवढी फुलली, पांढरीशुभ्र, जशी कालच वाळवली. वासानं सुमनबाई दारात आल्या. कढई पाहिली, डबा पाहिला.

"बसा, तुमच्यासाठीही तळतो," मी म्हणालो.

"मले नको बाप्पा," त्या म्हणाल्या. गेल्या नाहीत. दारातच बसल्या, डोक्यावर पदर घेऊन.

मी ताट वाढलं आणि जिन्यात गेलो. मोबाईल बंद करून तिच्या पायरीवर ठेवला, भिंतीला टेकवून, तिरपा. मग दोन पायऱ्या वर चढलो, टोपी घातली आणि माझ्या जागेवर बसलो. खाली काळ्या काचेत तो होता. मांडीवर ताट घेऊन. टाकीवर कावळा ओरडला, मी तिकडं पाहिलं नाही.

"हव, दिसला," मी मोठ्यानं म्हणालो. "देल्लं त्याले जेवाले."

आणि कुरोडी मोडली.